मदत हवी आहे: गुहागरहून इमॅजिका आणि एक दिवस मुंबई, सोबत ७६ वर्षांच्या सासूबाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या. घरची परिस्थिती नीट सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही असं वाटलं.

आम्ही गुहागर तालुक्यातले. घरात पाच माणसं: मी, हे, मुलगी (१३), मुलगा (७) आणि सासूबाई (७६). भाऊबीज झाल्यावर शाळेची सुट्टी जेवढी उरते तेवढीच आमची फुरसत. त्याआधी भात कापून, झोडून घरात आणायचं असतं. मग थंडी सुरू झाली की कलमांना मोहोर, फवारण्या, राखण, आणि तिथून थेट मे संपेपर्यंत मान वर करायला मिळत नाही. त्यामुळे "जानेवारीत जा, गर्दी कमी असते" हा सल्ला आमच्या उपयोगाचा नाही.

मुलांना इमॅजिकाला, म्हणजे खोपोलीजवळच्या राइड्सच्या पार्कला जायचंय. तीन वर्षं मागे लागली आहेत. मुलीला नायट्रो, तो मोठा रोलर कोस्टर. मुलाला राजासौरस, म्हणजे होडीत बसून डायनासोरांमधून जायची ती राइड. राजासौरस खरंच आपल्या देशातला डायनासोर, त्याची हाडं गुजरातेत सापडली आणि २००३ साली त्याला हे नाव मिळालं, हे मला मुलानेच शिकवलं. सध्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो हे सांगतो.

सासूबाईंना मुंबई बघायची आहे. मुंबई म्हणजे लालबाग. सासरे गिरणीत होते. लग्नानंतर काही वर्षं आई त्यांच्याबरोबर लालबागच्या चाळीत एका खोलीत राहिल्या, आमचे हे तिथलेच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा हे सहा वर्षांचे होते. वर्षभर वाट बघून आई दोन्ही मुलांना घेऊन गावी आल्या, त्या परत म्हणून गेल्या नाहीत. डोंबिवलीला नणंदेकडे दोनदा जाणं झालं, पण लालबागला नाही. सासरे मागच्या वर्षी गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झालं त्या रात्री आई म्हणाल्या, "एकदा राणीच्या बागेत नि आपल्या नाक्यावर नेऊन आण मला." आजवर त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे पार्कला जाताना वेळ उरला तर मुंबई, असं मला करायचं नाहीये. दोन्ही व्हायला हवं.

चिपळूणच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे विचारलं होतं. त्यांची सहल रात्री दोनला निघते, दिवसभर पार्क, आणि लगेच रात्रीच परत. आईंचे गुडघे दुखतात, सलग दहा मिनिटं चालल्या की बसावं लागतं. हे त्यांना झेपणारं नाही, म्हणून मी नको म्हटलं.

मग आम्हीच बसून असं ठरवलं आहे:

सोमवारी सकाळी भाड्याची अर्टिगा घेऊन निघायचं. पनवेलपर्यंत जायचंच नाही. कोलाड सोडलं की पुढे वाकण फाट्याला उजवीकडे वळून पालीमार्गे खोपोली. पार्क त्याच पाली-खोपोली रस्त्यावर आहे. वाटेत बल्लाळेश्वराचं दर्शन. खोपोलीत साध्या लॉजवर दोन रात्री, पार्काला लागून असलेलं हॉटेल आमच्या खिशाबाहेरचं आहे. मंगळवारी पार्क. बुधवारी त्याच गाडीने मुंबई: राणीची बाग, लालबाग, वेळ राहिला तर गेटवे. रात्री डोंबिवलीला नणंदेकडे मुक्काम आणि गुरुवारी परत. सगळं मिळून तीस हजारांच्या आत बसवायचं आहे.

आता प्रश्न.

पार्कात आईंचं तिकीट काढावं का? साठीच्या पुढच्यांना दर वेगळा आहे, तरी पैसे जातातच, आणि राइड त्या एकही करणार नाहीत. पण दिवसभर त्यांना लॉजवर एकट्यांना बसवून आम्ही मजा करायची, हे मला पटत नाही.

मुलाची उंची १०८ सेंटीमीटर आहे. मुलांचं तिकीट तिथे वयावर नाही, उंचीवर आहे हे कळलं. पण राइड्सनाही उंचीची अट असते. त्याला पुष्कळ ठिकाणी दारातूनच परत फिरवतील का? ताई आत आणि हा बाहेर असं झालं तर त्याची समजूत घालणं अवघड आहे.

आणि तिसरा प्रश्न सगळ्यात कठीण. आमची ती चाळ आता उभी नाही. तिथे टॉवर झालाय, हे यांना मित्राकडून कळलंय. आईंना माहीत नाही. आधी सांगावं, की तिथे गेल्यावर बघू दे? हे म्हणतात नको सांगूस, यायच्याच नाहीत. मला रात्री झोप लागत नाही या विचाराने.

प्रतिसाद, नागोठण्याहून

ताई, बुधवारी राणीची बाग बंद असते! आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. सगळा बेत एक दिवस पुढे ढकला. मंगळवारी निघा, बुधवारी पार्क, गुरुवारी मुंबई. बाकी वाकण-पालीचा रस्ता तुम्ही बरोबर धरलाय. आमच्या दारावरून मुंबईकर कोकणात येतात, त्यामुळे लोकांना वाटतं कोकणातून कुठेही जायचं तर आधी पनवेल. निघताना पंचांग मात्र बघा. संकष्टी-विनायकीला पालीत गाडी लावायला जागा मिळत नाही. पालीजवळच उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत, आजींना पाय बुडवून बसवा अर्धा तास. माझ्या आईला बरं वाटतं तिथे.

मुंबईत गाडी नेऊ नका, हे कळकळीने सांगतो. पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जाईल. गाडी पार्काच्या संध्याकाळीच सोडून द्या. ड्रायव्हर परतीचे रिकामे किलोमीटर लावेल, ते लावू दे, त्याचे दोन दिवस आणि टोल तर वाचतील. गुरुवारी सकाळी खोपोलीहून लोकल पकडा. ती खोपोलीतूनच सुटते, त्यामुळे पाचही जणांना बसायला मिळेल, आणि आजींना खिडकी. फास्ट लोकल भायखळ्याला थांबते, तिथून बाग जवळ. खोपोलीच्या गाड्या दिवसात मोजक्याच असतात, तेवढं वेळापत्रक आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन बघून या.

दुपारी चारच्या आत डोंबिवलीकडे निघा. त्यानंतर डब्यात म्हाताऱ्या माणसाला चढवणं म्हणजे धोका. शुक्रवारी सकाळी ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस धरलीत तर दुपारी चिपळूण. आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी सुटतं, सकाळी ८ वाजता. दिवाळीनंतरची गर्दी आहे, त्या दिवशी आठच्या ठोक्याला बसा. आणि चिपळूण ते गुहागर एसटीने जा. ७५ च्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, आजींचं आधार कार्ड जवळ ठेवा. तुम्हाला अर्धं तिकीट.

पार्काचं म्हणाल तर आम्ही गेल्या वर्षी गेलो होतो, धाकटा तुमच्या मुलाएवढाच. नायट्रोला त्याला घेणार नाहीत, ते घरीच सांगून ठेवा. बाकीच्यांची उंची त्यांच्या साइटवर प्रत्येक राइडसमोर दिली आहे. भिंतीवर १०८ ला खूण करा आणि त्याच्या हातूनच यादी करून घ्या. आमच्याकडे हे केल्यामुळे दारात रडारड झाली नाही, उलट तोच आम्हाला सांगत होता मला कुठे चालतं ते. आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून सकाळी भरपेट न्याहारी करून जा. पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क यांची तिकिटं वेगवेगळी आहेत. एका दिवसात तुम्ही फक्त पार्कच करा.

आजींना आत न्यायचं नसेल तर खोपोलीजवळच महडचा वरदविनायक आहे. दादांनी आजींना घेऊन गाडीने तिकडे जावं, तुम्ही मुलांबरोबर आत.

धागाकर्ती

दादा, किती उपकार झाले सांगू! बुधवारचं अजिबात लक्षात आलं नसतं. आई गेटवर उभ्या आणि आत कुलूप, नुसत्या कल्पनेने पोटात गोळा आला.

महडचं मी आईंना विचारलं. म्हणाल्या, "गणपती पालीला भेटेलच की. मला आत यायचंय, ही दोघं किंचाळताना बघायचीत." तेव्हा तिकीट काढणार. संध्याकाळी मिरवणूक निघते म्हणतात, ती त्या बसून बघतील. यादीचं काम मुलाने कालच हातात घेतलंय.

तिसऱ्या प्रश्नाचं कुणीच काही लिहिलं नाही.

प्रतिसाद, परळहून

अगं, मी लिहिते. मी परळचीच, वडील गिरणीत होते, आमचीही चाळ गेली. आधी सांग. तिथे उभं राहून अचानक कळलं तर सगळा दिवस त्यातच जाईल, आणि तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं हे लक्षात आलं की त्या जास्त दुखावतील. घरी सांगितलंस तर रडायला त्यांना स्वतःची जागा आहे. आमच्या आईला आम्ही सांगितलं नव्हतं. ती काही बोलली नाही, नुसती टॅक्सीत परत जाऊन बसली. अजून ते डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि सगळं गेलेलं नाही गं. रस्त्यावरून आता मोठा पूल गेलाय, २०११ पासून, त्यामुळे पहिल्यांदा ओळख पटत नाही. त्यांना पुलाखालच्या रस्त्याने ने. गणेश टॉकीजचा नाका म्हटलं की टॅक्सीवाला बरोबर सोडतो. चिवडा गल्ली आहे, मसाल्याची दुकानं आहेत. तिथला वास त्यांना ओळखू येईल बघ, मला तर डोळे मिटूनही येतो.

बागेत पेंग्विनच्या रांगेत त्यांना उभं करू नका. मुलं बघून येऊ देत. संग्रहालयाबाहेर दगडी हत्ती आहे, घारापुरीहून आणलेला. एलिफंटा हे नाव त्याच्यावरूनच पडलं. त्यांच्या वेळीही तो तिथेच होता. त्याच्याजवळ बसव त्यांना, नातवाला गोष्ट सांगायला बरं पडेल.

धागाकर्ती

ताई, तुमचं वाचून काल रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. हे अंगणात जाऊन उभे राहिले, मीच बोलले. आई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ती खोली तरी आपली कुठे होती, भाड्याचीच. नाका असेल ना?" म्हटलं, नाका आहे. दगडी हत्तीचं सांगितल्यावर मात्र चेहरा खुलला. यांना त्याच्यापाशी उभं करून सासऱ्यांनी फोटो काढून घेतला होता म्हणे. आज सकाळपासून पत्र्याची ट्रंक उपसून तो फोटो शोधताहेत. सापडला तर त्याच जागी नातवाचा काढायचा आहे.

बेत आता मंगळवार ते शुक्रवार असा पक्का. गाडीवाल्याशी पार्कापर्यंतचंच बोलले, नऊ हजार म्हणाला, साडेआठवर आला. मांडवीच्या आरक्षणाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे.

एकच राहिलं. भायखळ्याला फास्ट लोकल ज्या फलाटावर लागते तिथे लिफ्ट किंवा सरकता जिना चालू असतो का? नसेल तर कोणत्या बाजूच्या पुलाला पायऱ्या कमी आहेत? रोज येणारं-जाणारं कुणी असेल तर कृपया सांगा. आईंना उतरणं जमतं, चढणं जमत नाही.