उतारावर ट्रेलर सोडताना

एकाने विचारलंय, वडाळ्याच्या यार्डात उतारावर घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) चढाकडे तोंड करून उभा होता, ट्रेलर धरून ठेवणाऱ्या लॉकचं हँडल कितीही ओढलं तरी हलेना, तेव्हा पाइप घालून जोर लावायचा का? तसं करू नका. ट्रेलर मागे ओढ घेतोय, म्हणजे किंगपिनचा (ट्रेलरखालची, घोड्याच्या लॉकमध्ये अडकणारी जाड पिन) सगळा भार लॉकवर आलाय. ट्रेलरचे ब्रेक धरून, चाकांना उताराच्या बाजूने ठोकळे लावून घोडा अगदी जरासा मागे दाबा आणि तिथेच हँडब्रेक ओढा. भार सुटला की हँडल एका हाताने येतं.

ठोकळ्यांचा कंटाळा करू नये. जुन्या ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक (हवा गेली तरी स्प्रिंगच्या जोरावर लागणारे) नसले तर घोड्याकडून ट्रेलरला हवा देणारा लाल पाइप काढल्यावर ब्रेक फक्त टाकीतल्या हवेवर लागलेले असतात. हवा हळूहळू गळते आणि ट्रेलर निघतो फिरायला! जोडताना उलटा धोका. लाल पाइप लावला की तेच ब्रेक सुटतात, म्हणून आधी घोड्याचा हँडब्रेक बघा, मगच पाइपला हात लावा.

पावसाळ्यात भरावाच्या जमिनीवर ट्रेलरच्या टेकूच्या पायांखाली जाड फळ्या हव्यातच. आडवा उतार असेल तर तिथे भरलेला ट्रेलर सोडूच नका, सपाट जागा शोधा, सुपरवायझर काहीही म्हणो.

जोडल्यावर खाली वाकून टॉर्च मारा. घोड्यावरची, ट्रेलर टेकतो ती प्लेट आणि ट्रेलरमध्ये फट दिसली तर पिन वरच राहिलीय. लॉकचा जबडा पिनच्या मागे मिटलेला दिसला पाहिजे. नुसत्या 'खट्' आवाजावर जाऊ नका.