घाट उतरताना ब्रेक लागेनासे झाले तर गाडी कशी थांबवावी?

सातारकर (प्रश्न)
नमस्कार. गेल्या रविवारी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. गाडी पेट्रोलवरची, हाताने गिअर टाकायची. आम्ही पाच जण आणि डिकीत सामान. वाडा कुंभरोशी ओलांडून काही वळणे उतरलो असू, तेव्हा आधी काहीतरी करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले. एका वळणाआधी तर ते थेट तळाला टेकले आणि वेग कमी झालाच नाही. घाबरून तीन-चार वेळा पेडल दाबले, तेव्हा कुठे थोडा ब्रेक लागला. मग हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या बाजूला कशीबशी उभी केली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पूर्वीसारखे घट्ट झाले, याचे तर मला अधिकच कोडे पडले. माझे मेहुणे म्हणतात की अशा वेळी गाडी न्यूट्रल करून किल्लीने इंजिन बंद करावे. हे बरोबर आहे का? आणि त्या क्षणी सगळ्यात आधी काय करावे?

गॅरेजवाला_कराड
आपले ब्रेक तुटले नव्हते, तापले होते. म्हणूनच गार झाल्यावर ते परत आले. माणसांसह १,२०० किलोची गाडी १,००० मीटर खाली उतरते, तेव्हा तिच्यातली जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती सुमारे ३५ लिटर साध्या पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. ती सगळी पॅड आणि लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या भागांवर टाकली तर पायाचा जोर चाकांपर्यंत पोहोचवणारे ब्रेक ऑइलही तापणारच. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या ऑइलची हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि आपण पायाने ऑइल न दाबता वाफ दाबत बसतो. पेडल मऊ लागले ते यामुळेच.

अशा वेळी पेडल भराभर दाबत राहणे योग्यच होते. मात्र पेडल मऊ न लागता दगडासारखे घट्ट लागले, तर दोष बहुधा बूस्टरकडचा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाकडचा असतो. तेव्हा पाय उचलू नये, पूर्ण जोर लावून दाबून धरावा, ब्रेक लागतो. आणि पेडल अर्ध्यावरच अडत असेल तर खाली पाण्याची बाटली घरंगळली आहे का किंवा पायपुसणे सरकले आहे का, हे आधी पाहावे. हे सांगताना मला हसू येत नाही, कारण तशा दोन गाड्या माझ्याकडे दुरुस्तीला आल्या आहेत.

निवृत्त_चालक
मी एसटीत असताना आम्हाला पहिल्यापासून एकच गोष्ट पढवली जायची: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. आपण बहुधा चौथ्या गिअरमध्ये पायाने ब्रेक धरून उतरत असाल.

आपल्या मेहुण्यांचा सल्ला एका वेगळ्या प्रसंगाचा आहे. ॲक्सिलरेटर अडकून गाडी आपोआप पळू लागली तर न्यूट्रल करणे बरोबर. पण उतारावर ब्रेक गेलेले असताना न्यूट्रल करणे म्हणजे गाडीला धरून ठेवणारा इंजिनाचा हातही सोडून देणे. इंजिन बंद केले की पेडलवर दोन-एक दाबांपुरतीच बूस्टरची मदत उरते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि घाईत किल्ली बाहेर आली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊन वळणावर गाडी सरळ दरीकडे जाते.

म्हणून आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, एका हाताने स्टिअरिंग धरून चौथ्यातून तिसरा आणि वेग उतरला की दुसरा गिअर टाकावा. क्लच दाबून धरू नये, कारण तो दाबलेला असेपर्यंत इंजिन गाडीला अडवत नाही. हँडब्रेकची केबल ऑइलपासून स्वतंत्र असल्यामुळे तो बहुतेक वेळा शाबूत असतो. पण खसकन ओढला तर मागची चाके जाम होऊन गाडी आडवी होते. त्याच्या टोकाचे बटण अंगठ्याने दाबून ठेवून, शक्यतो सरळ पट्ट्यात, थोडा ओढावा, थोडा सोडावा. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवावेत. इतके करूनही गाडी थांबत नसेल तर डोंगराच्या कडेला किंवा कठड्याला तिरपी, अंग घासत न्यावी. पत्रा गेला तर जाऊ द्यावा.

पनवेलकर
काका, गाडी ऑटोमॅटिक असेल तर? माझ्या गाडीत हँडब्रेकच्या जागी नुसते बटण आहे.

निवृत्त_चालक
डीमध्ये न ठेवता एल, दोन किंवा हाताने गिअर बदलण्याची सोय वापरावी. वेगात असताना पीमध्ये टाकू नये. बटणाचा हँडब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत ते बटण धरून ठेवल्यास गाडी हळूहळू थांबते आणि सोडले की सुटते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत एकदा पाहून घ्यावे. मोकळ्या मैदानात, ताशी २० किलोमीटरला, एकदा करूनही पाहावे.

गॅरेजवाला_कराड
एक राहिले. चाकांतून वास किंवा धूर येत असेल तर त्यावर पाणी मारू नये; तापलेली डिस्क वाकडी होते किंवा तिला तडा जातो. गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकाला दगड लावून अर्धा-पाऊण तास तशीच गार होऊ द्यावी.

सातारकर
सर्वांचा आभारी आहे. मी खरोखरच चौथ्या गिअरमध्ये होतो. काल ऑइल काढले तेव्हा ते काळ्या चहासारखे निघाले. गाडी घेतल्यापासून पाच वर्षांत ते कधी बदललेच नव्हते. हँडब्रेकही दहा टकटकींनंतर धरत होता, तो ताणून घेतला. वरची सगळी उत्तरे मेहुण्यांना वाचून दाखवली. ते अजून काही बोललेले नाहीत.