कम्युनिटी कॉलेज: आमच्या लेकीची दोन वर्षं

‘मार्क कमी पडले की मुलं कम्युनिटी कॉलेजात जातात’ असं एक मत वाचून वाईट वाटलं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे अमेरिकेतलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून पुढे विद्यापीठात जाता येतं. आमची लेक कॅलिफोर्नियात हायस्कूल संपवून दोन वर्षं अशाच कॉलेजात शिकली आणि मग थेट तिसऱ्या वर्षाला यूसी डेव्हिसला, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसी) डेव्हिस कॅम्पसला गेली.

फी राज्यातल्या रहिवाशांना युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ४६ डॉलर. ट्रान्सफरला, म्हणजे तिथून विद्यापीठात जायला लागणारी ६० युनिट्स धरली तरी २,७६० डॉलर होतात. शिवाय ती घरीच राहत होती.

पण मला जास्त मोलाचा वाटला तो तिचा वर्ग. कॅल्क्युलसला तिच्या शेजारी दोन मुलांची आई बसायची, रात्रपाळी करून थेट आलेली. गणित अडलं की दोघी सरांच्या खोलीत जाऊन बसायच्या, सुटेपर्यंत उठायच्या नाहीत. ती चिकाटी लेकीने तिच्याकडून उचलली.

एक चूक मात्र तुम्ही टाळा. समुपदेशकाच्या तोंडी सल्ल्यावर लेकीने एक विषय घेतला, तो मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) धरलाच गेला नाही. कुठला विषय कुठे चालतो ते ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर आधी स्वतः बघा. ‘टॅग’ म्हणजे अटी पूर्ण केल्या तर कम्युनिटी कॉलेजातून यूसीत प्रवेशाची हमी; ती यूसीचे सहाच कॅम्पस देतात, बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो त्यात नाहीत. या हमीचा अर्ज सप्टेंबरमध्ये भरायचा, आणि नंतर यूसीचा नेहमीचा अर्जही भरावाच लागतो.