एकाच ग्रुप फोटोत आफ्रिकेतली सहा मुलं आणि सहा वेगळे वर्ण, हे कसं?

स्तंभाजवळचा_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. नाशकात अशोकस्तंभाजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. बाबांनी सुरू केला, आता मी बघते. परवा शहराबाहेरच्या एका कॉलेजातली आफ्रिकन मुलं निरोपाचा ग्रुप फोटो काढायला आली. दक्षिण सुदानची एक मुलगी, इथिओपियाची भाऊ-बहीण जोडी, नायजेरियाचा एक, टांझानियाची एक आणि बोत्स्वानाचा एक.

पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं आणि लगेच कळलं, एका सेटिंगवर हे सगळे चेहरे नीट येणार नाहीत. दक्षिण सुदानच्या मुलीचा वर्ण इतका गडद आणि तुकतुकीत की गालाच्या हाडावर लाइट पडला की निळसर झाक दिसायची. इथिओपियाचा मुलगा गव्हाळ, शालिमारच्या गर्दीत उभा राहिला तर कुणी वळून बघणार नाही. त्याची सख्खी बहीण त्याच्यापेक्षा बरीच सावळी. टांझानियाची मुलगी तांबूस तपकिरी. बोत्स्वानाचा मुलगा सगळ्यांत उजळ, पिवळसर छटेचा. त्याची आजी सान या तिकडच्या मूळ शिकारी समाजातली आहे म्हणाला.

पासपोर्ट फोटोसाठी थांबलेल्या एक काकू मोठ्याने म्हणाल्या, "हा काही खरा आफ्रिकन नाही, आईबापांपैकी कुणीतरी गोरं असणार." मुलाला नाशकात राहून मराठी चांगलं कळतं. तो शांतपणे म्हणाला, "नाही काकू, दोन्हीकडचे तिथलेच." मला ते फार लागलं. पाहुणं पोर, आणि त्याने स्वतःच्या घराण्याचा दाखला द्यायचा?

म्हणून विचारते. एकाच खंडात इतका फरक कसा? आणि दुसरं, आमचा मदतनीस म्हणतो फोटोशॉपमध्ये सगळ्यांना जरा सारखं करून टाकू. ते मी होऊ देणार नाही. ज्याचा वर्ण जसा आहे तसाच यायला हवा. लाइट कसा लावू?

बायोवाले_सर

ताई, तुम्ही मदतनीसाला अडवलंत हे उत्तम केलंत.

"एकाच खंडात" म्हणताना खंड केवढा आहे ते बघा. भारतासारखे नऊ देश सहज मावतील आणि तरी जागा उरेल. शिवाय माणूस सर्वांत जास्त काळ तिथेच राहिलाय. बाकीचं जग आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या मोजक्या टोळ्यांनी वसवलं, त्यामुळे आनुवंशिक विविधता सगळ्यांत जास्त आफ्रिकेतच. त्वचेच्या रंगाचंही तसंच.

2017 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या सारा टिश्कॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथिओपिया, टांझानिया आणि बोत्स्वाना इथल्या दीड हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. (तुमच्या फोटोतले तीन देश त्यातच आहेत.) दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन कमी लागतं, तिथे उपकरण टेकवून किती प्रकाश परत येतो ते मोजलं आणि जोडीला जनुकं तपासली. सर्वांत गडद निघाले पूर्व आफ्रिकेतले नाईल खोऱ्याकडचे गुराखी समाज, सर्वांत उजळ सान. म्हणजे तुमच्या स्टुडिओत त्या मोजपट्टीची दोन्ही टोकं एका रांगेत उभी होती.

आता काकूंचा मुद्दा. एसएलसी24ए5 या जनुकाचा उजळपणा देणारा प्रकार युरोप आणि पश्चिम आशियात फार आढळतो, आपल्याकडेही पुष्कळ. इथिओपियात तो काही हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातून आलेल्या लोकांबरोबर पोहोचला. पण सान लोकांचा उजळपणा फक्त याच जनुकामुळे नाही. ओसीए2 जनुकाजवळचे काही उजळ प्रकार सान आणि युरोपियन अशा दोघांतही सापडतात, आणि त्यांचा उगम आफ्रिकेतलाच. या अभ्यासातले बहुतेक प्रकार, उजळ आणि गडद दोन्ही, तीन लाख वर्षांहून जुने निघाले. म्हणजे आजचा माणूस घडण्याआधीचे. त्या मुलाचा वर्ण त्याच्या आजीच्या मातीतलाच आहे, त्यासाठी कुणी गोरा पूर्वज शोधायला नको.

आणखी एक. एमएफएसडी12 नावाच्या जनुकाचे गडद वर्ण देणारे प्रकार पूर्व आफ्रिकेत आहेत तसेच दक्षिण आशियात आणि मेलानेशियातही (ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडची बेटं) आहेत. गडद वर्णाचं हे नातं फार लांबवर पोहोचलंय.

स्तंभाजवळचा_स्टुडिओ

सर, मनापासून आभार. पण मग आम्ही शाळेत शिकलो की विषुववृत्ताजवळ ऊन जास्त म्हणून लोक काळे, ते चुकीचं का?

बायोवाले_सर

चुकीचं नाही, अपुरं आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी शरीरातलं फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व नष्ट होतं. गरोदरपणात फोलेट कमी पडलं तर बाळाच्या मज्जारज्जूत दोष राहू शकतो. मेलॅनिन हे त्वचेतलं रंगद्रव्य त्यापासून राखतं, म्हणून कडक उन्हाच्या मुलखात गडद त्वचा टिकली. उलट ऊन कमी असेल तर ड जीवनसत्त्व तयार व्हायला उजळ त्वचा सोयीची. मानवशास्त्रज्ञ नीना जॅब्लोन्स्की यांनी ही मांडणी केली आहे. पण नुसतं अक्षांश बघून भागत नाही. सतत ढगाळ, दाट जंगलात जमिनीवर ऊन कमी पोहोचतं, उघड्या कुरणात जास्त. शिवाय लोक एका जागी बसून राहत नाहीत. पश्चिम आफ्रिकेतले बांटू भाषा बोलणारे शेतकरी हजारो वर्षांत पार दक्षिणेपर्यंत पसरले, वाटेत नाती जुळली.

भाऊ-बहिणीचं म्हणाल तर रंग ठरवणारी जनुकं अनेक आहेत आणि प्रत्येक मुलाला त्यांची वेगळी जुळणी मिळते. आपल्या घरांत एक गोरी, एक सावळी असतेच की. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या सगळ्या माणसांत साधारण सारखीच असते. फरक त्या बनवतात त्या मेलॅनिनच्या कणांत: गडद त्वचेत ते मोठे, सुटे आणि भरपूर, उजळ त्वचेत लहान, पुंजक्यापुंजक्यांनी.

लागोसहून_परत

मी कामानिमित्त नायजेरियात राहिलोय. तिथे रंगाची चर्चा आपल्यासारखीच घरोघरी चालते. आग्नेयेकडच्या इग्बो लोकांत उजळ माणसं बरीच, असं तिथले लोकच सांगतात. पण माझ्या शेजारच्या इग्बो कुटुंबात वडील गडद, आई मधासारखी आणि चार मुलं चार छटांची. आणि दुःखाची गोष्ट, गोरं करायच्या क्रीमचा बाजारही तिथे तितकाच मोठा. हायड्रोक्विनोन, पारा असलेली क्रीमं लावून बायकांच्या गालांवर कायमचे डाग पडलेले मी पाहिलेत. ताई, तुम्ही त्या दक्षिण सुदानच्या मुलीला जशी आहे तशी सुंदर छापलीत ना, तर तिच्या आईलाही ते पोहोचेल.

शरणपूरचा_रहिवासी

नाशकाला हा विषय नवा नाही. शरणपूर 1854 मध्ये मिशनऱ्यांनी वसवलं. अरबी गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं पुढे नाशकात आणून ठेवली, त्यांना लिहायला-वाचायला आणि सुतारकी, लोहारकी शिकवली. वेगवेगळ्या जमातींची, वेगवेगळ्या भाषांची पोरं. कागदोपत्री मात्र सगळी सरसकट "आफ्रिकन". त्यांतला जेकब वेनराइट हा पूर्व आफ्रिकेतल्या याओ समाजाचा. 1873 मध्ये मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरणारा हाच. तो पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेला आणि 1874 च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. नाशकात शिकलेले बरेच जण नंतर मोंबासाजवळच्या फ्रीरटाउनला गेले. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, पण ही मुलं कुणाला माहीत नाहीत. तुमच्या विद्यार्थ्यांना हे जरूर सांगा.

नाशिकरोड_लग्नफोटो

लाइटचं मी सांगतो. पहिलं काम म्हणजे पांढरा पडदा काढ. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. मागे पांढरं असलं की तो एक्स्पोजर खाली ओढतो आणि गडद चेहरे बुडतात. तपकिरी किंवा मातकट पडदा लाव. हातातला मीटर असेल तर चेहऱ्याजवळ धरून पडणारा प्रकाश मोज, म्हणजे वर्णाचा प्रश्नच उरत नाही. मोठा सॉफ्टबॉक्स बाजूने ठेव, त्या बाजूला दक्षिण सुदानच्या मुलीला उभी कर, बोत्स्वानाच्या मुलाला दुसऱ्या टोकाला. गडद त्वचेचा आकार चकाकीतून दिसतो, म्हणून पावडर मारून ती घालवू नको. उजळ चेहरा फाटणार नाही (पार पांढरा पडणार नाही) एवढं एक्स्पोजर ठेव, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढ, सावल्या नंतर हळूच उचल.

तुझ्या बाबांना विचार, फिल्मच्या काळात लॅबला कोडॅककडून शर्ली कार्ड यायचं. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो, त्यावरून सगळ्यांचे रंग जुळवायचे. चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रारी केल्या तेव्हा कुठे तपकिरी छटांकडे लक्ष गेलं म्हणतात. माणसांच्या चेहऱ्यांसाठी कुणाला घाई नव्हती, याचा मला अजून राग येतो.

स्तंभाजवळचा_स्टुडिओ

सगळ्यांचे खूप आभार. बाबांना शर्ली कार्ड आठवतंय, म्हणाले, "आपल्याकडच्या सावळ्या नवऱ्या मुली त्यात कायम राखाडी यायच्या, मी हाताने रंग सुधारायचो." मुलांना शनिवारी परत बोलावलंय, फोटो नव्याने काढते, जादा पैसे न घेता. जेकब वेनराइटचं टांझानियाच्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली तिच्या आजोळी याओ आहेत! सगळ्यांना शरणपूरला जायचंय. दादा, तपकिरी पडदा माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे का? आणि लॅबवाले आपणहून चेहरे उजळ करतात, त्याचं काय करू?

नाशिकरोड_लग्नफोटो

पडदा आहे, मोठा आहे, शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जा. लॅबच्या ऑर्डरवर "करेक्शन नको" असं लिही, आणि आधी एक छोटी प्रिंट मागव. ती मुलांच्या हातात दे, त्यांच्याच चेहऱ्याशेजारी धरून बघू दे. त्यांनी हो म्हटलं की मग मोठी काढ.