विषय: घरमालकाने भाडं वाढवलंय. शारजा, पुणे की इथेच?

प्रेषक: अल नाहदा, दुबई

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या यादीवर गणपतीच्या हिशोबाची मेलामेली चालू असताना मध्येच घुसतेय, चालवून घ्या.

आमच्या दोन बेडरूमच्या घराचा करार १४ जानेवारीला संपतो. भाडं वर्षाला ७०,००० दिरहम, सहा चेकने म्हणजे सहा हप्त्यांत. घरमालकाने २ नोव्हेंबरला व्हॉट्सअ‍ॅप टाकला: पुढच्या वर्षी ८४,०००, चार चेक, जमत नसेल तर घर खाली करा. ह्यांचं ऑफिस दुबईच्या दुसऱ्या टोकाला, जबल अलीला, पगार तीन वर्षं आहे तिथेच आहे. मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत, दोघंही सीबीएसईला. फी, बस आणि भाडं गेलं की वीस तारखेनंतर ऑफरचं पान बघितल्याशिवाय मी किराणा घ्यायला बाहेर पडत नाही.

ह्यांचं म्हणणं शारजाला जाऊ. सासूबाई म्हणतात कोथरूडचा फ्लॅट रिकामाच आहे, या सगळे. तिसरा मार्ग म्हणजे मी मुलांना घेऊन पुढे जायचं आणि ह्यांनी इथे शेअरिंगमध्ये राहायचं. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी खरंखुरं सांगा.

---

प्रेषक: करामा

वहिनी, विमानाची तिकिटं बघण्याआधी कॅलेंडर बघा. भाडं किंवा कराराची कुठलीही अट बदलायची असेल तर करार संपायच्या किमान ९० दिवस आधी कळवावं लागतं. दुबईच्या २००७ च्या भाडेकरू कायद्यात आणि २००८ च्या दुरुस्तीत ते स्पष्ट आहे. १४ जानेवारीच्या आधीचे ९० दिवस म्हणजे १६ ऑक्टोबर. तुमचे घरमालक जागे झाले २ नोव्हेंबरला. म्हणजे तुम्ही स्वतःहून कबूल झाला नाहीत, तर यंदा वाढ नाही, आणि सहाचे चार चेकही नाहीत.

आता पुढच्या वर्षीचं. तेव्हा तो वेळेत नोटीस देईल, हे धरून चाला. पण तेव्हाही ८४ मागून ८४ मिळत नाहीत. २०१३ च्या ४३ क्रमांकाच्या आदेशात टप्पे ठरवून दिलेत. तुमचं भाडं बाजारभावापेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ शून्य. ११ ते २० टक्के कमी असेल तर ५ टक्के वाढ, २१ ते ३० असेल तर १०, ३१ ते ४० असेल तर १५ आणि त्याहून कमी असेल तर २०. बाजारभाव म्हणजे वॉचमनने सांगितलेला आकडा नव्हे, लँड डिपार्टमेंटच्या इंडेक्सवर येतो तो. जानेवारी २०२५ पासून हा इंडेक्स प्रत्येक इमारतीला तारे देऊन हिशोब करतो, त्यामुळे शेजारच्या नव्या टॉवरचं भाडं तुमच्या जुन्या बिल्डिंगला लावता येत नाही. इजारीचा, म्हणजे भाडेकरार नोंदणीचा, कागद घेऊन बसा, पाच मिनिटांचं काम आहे.

"खाली करा" ही धमकीही पोकळ आहे. घर विकायचंय किंवा स्वतःला राहायचंय म्हणून बाहेर काढायचं तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर पोस्टाने १२ महिन्यांची नोटीस लागते. स्वतःसाठी म्हणून खाली करून घेतलं तर दोन वर्षं ते दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही.

फोनवर वाद घालू नका. ई-मेल करा, सभ्य भाषेत, तारखांसकट. प्रकरण रेंटल डिस्प्युट्स सेंटरला, म्हणजे भाड्याच्या कोर्टात, गेलंच तर फी वर्षाच्या भाड्याच्या साडेतीन टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत २,४५० दिरहम. तो जास्तीचे मागतोय १४,०००.

---

प्रेषक: अल खान, शारजा

ताई, करामाचे काका कायद्याचं बोलले, मी रस्त्याचं बोलते.

आम्ही दुबईतून इकडे आलो. भाड्यात फरक आहेच, शिवाय शारजाच्या २०२४ च्या कायद्याप्रमाणे नव्या करारात पहिली तीन वर्षं भाडं वाढवता येत नाही. तेवढ्यापुरती झोप लागते. पण आमच्या ह्यांचंही ऑफिस जबल अलीलाच. सव्वापाचला डबा हातात घेऊन घराबाहेर. साडेपाच झाले की हायवेवर नॅशनल पेंट्सच्या कारखान्यापाशी गाड्या लागायला सुरुवात होते, आणि संध्याकाळी तीच रांग उलट्या दिशेने. अल इत्तिहाद रोडने गेलं तर ममझरला सालिक म्हणजे टोल, गर्दीच्या वेळी ६ दिरहम, पुढे शेख झायेद रोडवरची वेगळी. ३११ नंबरच्या हायवेने सालिक वाचतो, तास जातो. आमच्याकडे बाबा आणि मुलं एकत्र जेवतात ते फक्त शनिवार-रविवारी.

आणखी एक. शारजातल्या शाळांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. तुम्ही नोकरी करत असाल तर शुक्रवारी मुलांना कोण बघणार ते आधी ठरवा. मुलं दुबईच्याच शाळेत ठेवली तर बसची वेळ ऐकून तुम्हालाच रडू येईल. भाऊजींचं ऑफिस शारजाच्या बाजूला, देरा किंवा कुसैसला असतं तर मी डोळे मिटून या म्हटलं असतं.

---

प्रेषक: सतवा

तिसऱ्या मार्गावरून चाललेला मीच. बायको-मुलं नाशिकला, मी इथे बेडस्पेसवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर. पैसे वाचतात, खोटं कशाला बोलू. दिरहमचे रुपये बरे होतात, घराचे हप्ते वेळेवर जातात. पण जून २०२५ पासून पालिकेने फळ्या ठोकून पाडलेल्या पार्टिशनच्या खोल्यांवर धाड घातली, त्यात आमचीही खोली गेली आणि नवीन जागेचा दर चढाच निघाला. तेव्हा शेअरिंगचा जुना आकडा धरून हिशोब करू नका. धाकटा व्हिडिओ कॉलवर आला की दोन मिनिटांत "बाबा, मी खेळायला जाऊ?" म्हणतो.

---

प्रेषक: बाणेर, पुणे (पूर्वी डिस्कव्हरी गार्डन्स)

वहिनी, मंडळाच्या यादीतून नाव अजून काढलं नाही, म्हणून हे वाचलं.

तुम्ही भाड्यावरून विचार करताय, माझ्या मते शाळेवरून करा. सीबीएसई नववीत मुलांची नोंदणी करते, आणि दहावीत शाळा बदलायची तर बोर्डाची परवानगी, बदलीचे कागद वगैरे सोपस्कार असतात. म्हणजे तुमच्या मुलाला न्यायचं असेल तर याच एप्रिलला, नववीच्या सुरुवातीला. नाहीतर मग दहावी तिथेच होऊ द्या. काकांच्या कायद्याने तुम्हाला एक वर्ष स्वस्तात मिळतंय, पण त्या वर्षाच्या शेवटी मुलाची नववी संपत आलेली असेल, आणि तेव्हा उठून येणं सगळ्यात वाईट.

दुसरं, महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीचं आहे. आमची मोठी तिकडे अरबी शिकली आणि इथे सहावीत मराठीच्या पेपरला रडली. घरी मराठी बोलणं निराळं आणि निबंध लिहिणं निराळं.

पैशाचं सांगतो. कोथरूडचं घर स्वतःचं आहे ही मोठी जमेची बाजू. पण इथला पगार कर कापून हातात येतो, ही सवय लागायला वर्ष गेलं. कायमचे परतलात की एनआरई (अनिवासी भारतीयांची) खाती तशीच चालू ठेवता येत नाहीत, बँकेला कळवून बदलून घ्यावी लागतात आणि त्या व्याजावरची करमाफीही संपते. बरीच वर्षं बाहेर काढलेल्यांना सुरुवातीला आरएनओआर (निवासी, पण सामान्य निवासी नाही) म्हणून करात थोडी सवलत मिळते, त्यासाठी परतीची तारीख आर्थिक वर्ष बघून ठरवा. हे काम चांगल्या सीएकडून करून घ्या, फ्लाइटमध्ये शेजारी बसलेल्याकडून नको.

---

प्रेषक: करामा

ग्रॅच्युइटी राहिली. ती मूळ पगारावर मिळते, एकूण पगारावर नाही: पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांची, पुढे ३० दिवसांची. भाऊजींचं ऑफर लेटर काढून बघा, बेसिक किती दाखवलंय. बऱ्याच जणांचे डोळे तिथेच उघडतात.

---

प्रेषक: अल नाहदा, दुबई

सगळ्यांचे आभार. इंडेक्सवर आमच्या बिल्डिंगचं भाडं ८०,००० आलं. म्हणजे नोटीस वेळेत असती तरी ५ टक्के, ७३,५००. मालकाला काल मेल केलं. तासाभरात फोन आला, "मॅडम, पंचाहत्तर करू." हे हो म्हणायच्या बेतात होते, मी फोन घेऊन ७०,००० आणि सहा चेक एवढंच बोलले. दुपारी "ओके, रिन्यू" असा मेसेज आला.

शारजा बाद. ऑफर लेटर काढलं, बेसिक बघून हे बराच वेळ गप्प होते. मुलाला विचारलं तर त्याला दहावी इथेच करायचीय, म्हणजे आणखी दोन जानेवाऱ्या निभावायच्या. त्या दोन्ही वर्षांत मालक १६ ऑक्टोबरच्या आत नोटीस देणार हे धरूनच पैसे बाजूला टाकायला सुरुवात केलीय.

मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गात दोघांचीही नावं घालायची आहेत. मुलाला वाचता येतं, लिहिताना जोडाक्षरांत अडतो. त्याला मोठ्यांच्या गटात बसवायचं की मुलीसोबत लहानांच्या?