क्रूझवरचा ड्रेसकोड: सासऱ्यांना टाय बांधायला लावू का?

चाफा_कोथरूड

मे महिन्यात आम्ही बार्सिलोनाहून सात रात्रींच्या क्रूझला निघालोय. मार्सेय, रोम, नेपल्स वगैरे. आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे, शिवाय बॉस्टनहून नणंद आणि तिचे यजमान. बुकिंग नणंदेनेच केलंय. परवा तिने फॅमिली ग्रुपवर कपड्यांची यादी टाकली आणि तेव्हापासून ग्रुपवर कोणी गुड मॉर्निंगसुद्धा पाठवलेलं नाही.

यादी अशी: दोन फॉर्मल नाइट. पुरुषांना सूट आणि टाय, नाहीतर टक्सिडो. बाकीच्या रात्री मुख्य डायनिंग रूममध्ये हाफ पँट नाही, बिनबाह्यांचे टीशर्ट नाहीत, पुरुषांनी सँडल घालायचे नाहीत.

आमचे दादा (सासरे) ७४ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, करडी पँट आणि मधुमेहामुळे पायात कायम सँडल. टाय त्यांनी स्वतःच्या लग्नातही घातला नाही. ते म्हणाले, "मी बुफेत जेवतो, तुम्ही जा साहेबाकडे." नवऱ्याचं म्हणणं, एवढे पैसे भरलेत, कोण काय बोलतंय बघू. नणंदेचं म्हणणं, आपली माणसं कुठलाच नियम पाळत नाहीत म्हणून आपलं नाव खराब होतं. सासूबाई पैठणी नेणार आहेत, त्यामुळे त्या निवांत.

लोक खरंच हे पाळतात का? नाही पाळलं तर दारातून परत पाठवतात का? आणि सुट्टीला आलेल्या माणसाला असं अडवणं बरोबर आहे का? विमानात माणशी २३ किलो आहेत, त्यात आठ जणांचे सूट-बूट कुठे कोंबू?

अमेय_ह्यूस्टन

अजिबात टेन्शन घेऊ नका. आम्ही इथे टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरातून दरवर्षी जातो. फॉर्मल नाइटला निम्मे लोक पोलो शर्ट आणि जीन्समध्ये असतात. मी स्वतः चांगल्यातली हाफ पँट घालून डायनिंग रूममध्ये जेवलोय, कोणी हूं की चूं केलं नाही. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने तर २००० सालीच 'फ्रीस्टाइल' म्हणून हा सगळा प्रकार गुंडाळून टाकला. लोकांना नकोच आहे हो हे. टक्सिडो घालून कोळंबी खाल्ली म्हणून ती जास्त गोड लागत नाही. दादांना सांगा, सँडल घालून बिनधास्त चला.

बोटवाला_वेंगुर्ला

एरवी मी नुसता वाचतो, पण हा धागा बघून राहवलं नाही. माझी उमेदीची वर्षं त्याच दारात गेली. अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर असिस्टंट वेटर म्हणून लागलो आणि हेड वेटर होऊन उतरलो. आता गावी खानावळ आहे. तिथे बनियनवर आलात तरी वाढतो, तेव्हा मला कोणी साहेबी थाटाचा समजू नका.

चाफाताई, आधी दादांचं. त्यांना टाय लावायची काही गरज नाही. बंदगळा किंवा झब्ब्यावर नेहरू जाकीट, खाली साधी गडद पँट, झालं काम. आपला राष्ट्रीय पोशाख फॉर्मल नाइटला चालतो. क्युनार्डसारख्या कडक इंग्रजी क्रूझ कंपनीच्या नियमातसुद्धा तसं लिहिलेलं आहे. माझ्या दारातून शेरवान्या गेल्या, स्कॉटिश लोकांचे किल्ट गेले, नायजेरियन लोकांचे पायघोळ झगे गेले, आणि खरं सांगू, त्यांच्यापुढे भाड्याचे टक्सिडो फिके पडायचे. सासूबाईंच्या पैठणीला तर अमेरिकन बाया हात लावून बघतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

सामानाचंही तेवढं अवघड नाही. पहिल्या रात्री फॉर्मल नसतं, कारण बॅगा केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ उलटते. शेवटच्या रात्रीही नसतं, कारण झोपायच्या आधी बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात. पूर्वीच्या इंग्रजी बोटींवरही असंच होतं, ट्रंका उघडलेल्या नसायच्या म्हणून. मधल्या दोन रात्रींना तोच बंदगळा परत घातला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता अमेयराव. कोणी अडवत नाही हे तुमचं खरं आहे. पण का अडवत नाहीत ते मला विचारा.

आमच्याकडे जेवणाची पहिली सीटिंग, म्हणजे पहिली पंगत, सहाची. साडेपाचला आम्ही सगळे आपापल्या स्टेशनवर रांगेत उभे. हेड वेटर येणार, हात पुढे करायला लावणार. आधी पालथे, मग उताणे. नखं बघणार. गालावर बोट फिरवून दाढी बघणार. बुटात तोंड दिसलं पाहिजे. नावाच्या पट्टीवर खाली देशाचं नाव असतं, ती पट्टी तिरकी दिसली की सरळ करणार. बाहीवर सॉसचा एवढासा डाग असला तर खालच्या डेकवरच्या लाँड्रीत पळायचं आणि दार उघडायच्या आत परत यायचं. माझ्यासोबत एक फिलिपिनो वेटर होता, वयाने माझ्या काकांएवढा. त्याला एकदा सगळ्यांदेखत पुन्हा दाढी करायला पाठवलेलं मी पाहिलंय. तो परत येऊन उभा राहतोय तोवर पूलवरून ओल्या चड्डीत, बिनबाह्यांच्या बनियनमध्ये एक गेस्ट आत आला, आणि त्याच वेटरने हसून त्याची खुर्ची मागे ओढली. "गुड इव्हिनिंग सर."

दारात 'नाही' म्हणायचं कोणी? जो टिपवर आणि रेटिंगवर जगतो त्याने. गेस्टने दहापैकी नऊ दिले तर बाहेरच्या जगात त्याला उत्तम म्हणतात. आमच्याकडे नवावर बोलावणं यायचं. हाफ पँटवरून अडवलेला गेस्ट सूड घेतो तो कंपनीवर नाही, वेटरच्या नावापुढच्या चौकटीत सहा लिहून. पुढचं कॉन्ट्रॅक्ट कुठल्या बोटीवर आणि खिडकीजवळचं सेक्शन मिळणार की गॅलीच्या (स्वयंपाकघराच्या) दाराजवळचं, हे त्या आकड्यावर ठरायचं. मग कोण अडवेल?

एक प्रसंग सांगतो, बोटीचं नाव घेत नाही. फॉर्मल नाइट, दुसरी सीटिंग. पोडियमच्या मागे आमचं एक कपाट असायचं, त्यात उसने द्यायचे काळे कोट, वेगवेगळ्या मापांचे. विसरलेल्याला, बॅग हरवलेल्याला घालायला द्यायचे. बहुतेक लोक हसत घालायचे आणि जेवून परत करायचे. त्या रात्री एक गृहस्थ चड्डी आणि बेसबॉलची टोपी घालून आले. मी कोट पुढे केला. त्यांनी कार्ड दाखवलं, कंपनीच्या सगळ्यात वरच्या पायरीचे गेस्ट. मेत्र डीने, म्हणजे डायनिंग रूमच्या मुख्य साहेबाने, वर फोन लावला. दोन मिनिटांत निरोप आला, सोडा. सोडले. त्यांच्याच मागे एक म्हातारं जोडपं उभं होतं, लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आलेलं. आजोबांचा टक्सिडो भाड्याचा होता, खांद्यात मोठा होत होता. आजी चमचमत्या निळ्या गाऊनमध्ये. आजोबांनी मला हळूच विचारलं, "म्हणजे हे आणायची गरज नव्हती का?" मी त्यांना टेबल दाखवलं. दुसऱ्या दिवशी दारात चार जण चड्डीत, आणि चौघांच्या तोंडी एकच वाक्य: कालच्याला सोडलंत ना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नियम छापायचा तर लावा, नाहीतर छापू नका. नॉर्वेजियनने सांगून टाकलं की आमच्याकडे फॉर्मल नाही. सरळ हिशोब. क्युनार्डच्या क्वीन मेरी २ वर संध्याकाळी सहानंतर कपडे बदलायचे, गाला रात्री नटायचं, आणि ज्याला ते नको त्याच्यासाठी किंग्ज कोर्टचा बुफे आणि गोल्डन लायन पब मोकळे. हाही सरळ हिशोब. तिथे जाणारा माणूस ते ठाऊक असूनच जातो, कित्येक तर त्याच्यासाठीच जातात. घोळ घालतात त्या मधल्या कंपन्या. नियम छापतात, कारण फॉर्मल नाइटला ॲट्रियममध्ये फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात आणि नटलेलं कुटुंब फोटो विकत घेतं. आणि नियम मोडणाऱ्यालाही दुखवत नाहीत, कारण तो पुढच्या वर्षी परत यायला हवा. दोन्हीकडून कमाई करायची आणि मध्ये दारात वेटर उभा करायचा.

अडवता येत नाही असं नाही हां. बार्बाडोसमध्ये लष्करी छापाचे कपडे घालणं गुन्हा आहे, लहान पोरांनासुद्धा. तिथे आमची सिक्युरिटी गँगवेवरूनच, म्हणजे बोटीतून उतरायच्या पुलावरूनच, माणसाला परत केबिनमध्ये पाठवायची. कितीही वरच्या पायरीचं कार्ड असो. कुरकुर करत बदलून यायचे सगळे.

अमेय_ह्यूस्टन

मालक, रेटिंगचं हे माहीत नव्हतं. पण मग दोष रेटिंगच्या पद्धतीचा झाला, माझ्या हाफ पँटचा नाही. :)

बोटवाला_वेंगुर्ला

दोष कंपनीचाच. पण ती पँट बघून 'गुड इव्हिनिंग' म्हणणारा मी होतो, कंपनी नव्हती. :)

ठाणेकर_आजोबा

मी जरा उलट बाजूने बोलतो. हे 'प्रसंगाला साजेसे कपडे' म्हणजे शेवटी कोणाच्या प्रसंगाला आणि कोणाच्या नजरेला साजेसे? १८८८ साली गांधीजी मुंबईहून विलायतेला निघाले तेव्हा काटे-चमचे वापरता येत नाहीत म्हणून संकोचाने डायनिंग सलूनमध्ये जायचेच नाहीत, केबिनमध्ये जवळचं खायचे. उतरताना मुद्दाम राखून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट घातला आणि बघतात तर सप्टेंबरअखेर असा पोशाख केलेले ते एकटेच. आत्मचरित्रात त्यांनीच लिहिलंय. तेच गांधीजी १९३१ साली गोलमेज परिषदेला 'राजपुताना' बोटीने गेले ते पंचा नेसून, आणि त्याच वेषात बकिंगहॅम पॅलेसमध्ये राजाच्या चहापानाला.

आपल्याकडचे क्लब मात्र राजाहून कडक. १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबने चित्रकार एम. एफ. हुसेनना अनवाणी म्हणून आत घेतलं नाही. २०१४ मध्ये चेन्नईत हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना वेष्टी (तिकडचं धोतर) नेसली म्हणून क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात अडवलं, तेव्हा कुठे तामिळनाडू सरकारने कायदा करून अशी बंदी बेकायदा ठरवली. बोट तर परक्या देशाच्या झेंड्याखाली चालणार, तिथे हा कायदा कोणाला दाखवणार? चाफाताईंच्या सासऱ्यांनी स्वच्छ शर्ट-पँट घातली असेल तर त्यांना दारात थांबवण्याचा अधिकार कोणालाही असू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बोटवाला_वेंगुर्ला

आजोबा, नमस्कार. दादांच्या पांढऱ्या शर्टाला मीही अडवलं नसतं. बाह्या लांब असत्या तर बघितलंही नसतं. पण तुम्ही सांगितलेली माणसं आणि पूलवरून ओल्या चड्डीत आलेला माणूस यांना एका मापाने कसं मोजायचं? गांधीजींनी पंचा नेसला तो ठरवून. हा माणूस केबिनपर्यंत जायचा कंटाळा करत होता. त्याच खुर्चीवर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी नाश्त्याला बसणार असतं, आणि ती पुसणारा मीच.

क्लबांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. जिथे नियम माणूस गाळायला केलेला असतो तिथे तो मोडलाच पाहिजे. बोटीवर निदान तिकीट काढलेल्या प्रत्येकाला रात्रीचं जेवण मिळतंच, फक्त खोली बदलते.

मुक्ता_दादर

ड्रेसकोडवर एवढी चर्चा झाली पण खरा अडवणारा राहिलाच. रोमच्या दिवशी व्हॅटिकनला जाणार असाल तर सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायका आणि पुरुष दोघांचेही. दारावरचे लोक खरंच परत पाठवतात. बोट लागते चिव्हिटावेकियाला, तिथून रोमला जायला तास-दीड तास जातो, त्यामुळे कपडे बदलायला परत येणं विसरा. मुलांच्या हाफ पँटकडे सकाळीच लक्ष द्या. आम्ही ओढण्या पिशवीत ठेवल्या होत्या, बरोबरच्या दोन अनोळखी बायकांनाही उपयोगी पडल्या.

चाफा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दादांना सगळा धागा वाचून दाखवला. राजपुताना बोटीच्या गोष्टीवर ते खूश झाले, ठाणेकर आजोबांना नमस्कार सांगितलाय. पण मत बदललं ते दाढी करायला परत पाठवलेल्या वेटरच्या गोष्टीने. ड्युटीचा चार्ट लावणाऱ्या साहेबाने एसटीच्या डेपोत सगळ्यांसमोर त्यांना टोपीवरून झापलं होतं, ते त्यांना अजून आठवतं. म्हणाले, "बंदगळा शिवून घेऊ. त्या पोराला दारात आपल्याशी वाद घालायला लागू नये." नणंदेला कळवलं, तिचा अंगठा आला. नवरा म्हणतो त्यालाही बंदगळाच हवा.

आता फक्त सँडलचं राहिलं. डॉक्टरांनी बंद बूट नको सांगितलेत. बोटवाले, काय करू?

बोटवाला_वेंगुर्ला

काळ्या चामड्याचे, पुढून बंद आणि मागे पट्टा असलेले घ्या, पँटखाली बूटच वाटतात. तेही जमत नसेल तर आहेत ते सँडल घाला. बोटीवर चढल्या दिवशी दुपारी मेत्र डी डायनिंग रूममध्येच बसलेला असतो, टेबल बदलून द्यायला. तिथे दादांना घेऊन जा आणि मधुमेह आहे, पाय जपायचे आहेत असं त्याला सांगा. तो टेबल नंबरापुढे लिहून ठेवेल, मग सातही रात्री दारात कोणी पायाकडे बघणार नाही. आणि त्याच वेळी दाराजवळचं टेबल मागून घ्या, दादांना कमी चालावं लागेल. गॅलीच्या बाजूचं देत असेल तर नको म्हणा, तिथे ताटल्यांचा फार आवाज असतो.