हळू पळून वेग वाढतो, हे हौशी लोकांना लागू पडतं का?

टेकडीकर
जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की आमच्या ग्रुपमधले सगळे रोज छाती फुटेस्तोवर पळायला लागतात. मला हे अजिबात पटत नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आधी काही महिने नुसता पाया घालून घेत, आठवड्याला १६० किमीपर्यंत. पीटर स्नेल खरं तर ८०० मीटरवाला, तोही हे लांब पल्ले पळायचा आणि १९६० साली रोमला सुवर्ण जिंकला. आपण मात्र मधल्याच वेगात अडकतो. त्याने दमायला होतं, पण वेग वाढत नाही. बहुतेक दिवस गप्पा मारता येतील इतकं हळू, एक दिवस टेम्पो (जरा नेटाने, एकसारख्या वेगात) किंवा इंटरव्हल (थोडं जोरात, मग थोडं सावकाश, असं आलटून पालटून), रविवारी लाँग रन. एवढं केलं तरी पुरे.

सव्वासहाची लोकल
१६० किमी! अहो, नोकरी सांभाळून मला आठवड्याला तीन दिवस मिळतात, २५ किमी होतात. त्यातले वीस रमतगमत पळालो तर हातात काय उरलं? रोज पळणाऱ्याला हळू पळावंच लागतं, नाहीतर अंग टिकणार नाही. माझे चार दिवस तसेही विश्रांतीचेच. आणि लिडियार्डची पोरं काही रमतगमत पळत नव्हती, चांगल्या दमदार वेगात पळायची. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू झाटोपेक तर ४०० मीटरच्या इंटरव्हलवरच वाढला. १९५२ ला हेलसिंकीत ५,०००, १०,००० आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णं!

टेकडीकर
झाटोपेकचे सगळे ४०० भरधाव नसायचे, आणि त्याचे किलोमीटर मोजलेत तर तो माझ्या बाजूचा निघेल. विश्रांतीचं म्हणाल, तर हृदय आणि दम लवकर सुधारतात, हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात. म्हणून तर नवखा माणूस जोशात येतो आणि नडगी धरून बसतो.

घामट
हळू म्हणजे किती ते कोण ठरवणार? ठोके मोजणारं घड्याळ? हृदयाचे कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय, हा सरासरीचा हिशेब आहे. एखाद्याचे कमाल ठोके त्याहून दहा-बारा सहज वर-खाली असतात. त्यात मुंबईची दमट हवा, वेग तोच ठेवला तरी मे महिन्यात ठोके वाढतातच. झोन टूच्या (ठोके कमी ठेवून पळायच्या) नादात लोक चालायला लागलेत! पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, मग वेग बरोबर.

यवतेश्वरकर
तुमचं भांडण सपाट रस्त्यावरचं. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला या. निम्मी शर्यत यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. नेटवरून उतरवलेल्या प्लॅनमध्ये घाट नसतोच. चढाला दम जातो हे सगळे धरून चालतात, पण खरा मार बसतो तो उतारावर, मांड्यांना. त्यामुळे सरावात उतार पळायलाच हवा, आधी थोडा, मग वाढवत. चढावर चाललात तरी कुणी हसत नाही (हसलाच कुणी, तर तो उतारावर भेटतो).

टेकडीकर
मान्य. पण @सव्वासहाची लोकल, पेडर रोडचा चढ मुंबईच्या फुल मॅरेथॉनमध्ये ३५ किमीच्या आसपास येतो. तिथे मंगळवारचे इंटरव्हल नाही, रविवारचे लाँग रन वाचवतात.

सव्वासहाची लोकल
फुल कोण पळतंय? मी दहा किमीवाला.